तळी आणि नगररचनाकार

1914 सालच्या ऑक्टोबरात 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने 'क्लॅन ग्रँट' हे व्यापारी जहाज बुडविले. त्यावर नकाशांनी व चित्रांनी भरलेल्या पेट्या होत्या. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताने वर्षानुवर्षे जमविलेले नगररचनेचे प्रदर्शन मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात यावयाचे होते. ते समुद्राच्या तळाशी गेले. गेडिस निराळ्या जहाजाने आल्यामुळे बचावले. मित्रांनी विलायतेत पुन्हा साहित्य गोळा केले आणि 1915 च्या आरंभी मद्रासेत प्रदर्शन भरलेच.

गेडिस मूळचे वास्तुशिल्पी नव्हेत, जीवशास्त्रज्ञ. कदाचित म्हणूनच शहर त्यांना दगडविटांच्या राशीसारखे न दिसता वाढत्या झाडासारखे दिसे. त्या काळचे इंजिनियर प्लेगच्या धास्तीने जुन्या वस्त्यांतून सरळ, रुंद रस्ते आखीत. गेडिस आधी बोळाबोळांतून पायी हिंडत. तंजावरच्या किल्ल्यातील वस्तीसाठी त्यांनी सुचविले की, मोडकळीस आलेली मोजकी घरे तेवढी काढावीत आणि आहेत तेच बोळ जरा मोकळे करावेत. बाकीच्यांना घरातून उठविण्याचे कारण नाही.

याहून महत्त्वाचा वाद तळ्यांचा. डासांमुळे हिवताप पसरतो हे तोवर सिद्ध झाले होते, आणि तळे बुजविले की हिवताप हटला, असा सोपा हिशेब केला जाई. गेडिस यांचे म्हणणे असे की, डासांच्या अळ्या खाण्यास मासे आहेत, बदके आहेत. पण तळे गेल्यावर पावसाचे लोंढे सामावून घेणार कोण? उन्हाळ्यात भोवतालची हवा निववणार कोण? आणि नळ बंद पडला तर गावाने जावे कोठे? ज्या गावाची ओळखच तळ्यांनी व्हावी त्या ठाण्यावरही त्यांनी 1915 मध्ये अहवाल लिहिला. इंदूरच्या होळकर दरबारासाठी 1918 मध्ये दोन खंड लिहिले. पुढे मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आणि मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्या व्याख्यानांना बसू लागले.

त्यांचे ऐकले गेले काय? ज्या मद्रासेत ते प्रदर्शन भरले, तेथेच नुंगमबाक्कमपासून सैदापेठेकडे पसरलेले एक लांबलचक तळे होते. 1920 मध्ये तेथे नगररचनेचा कायदा झाला आणि त्याच दशकात ते तळे हटवून त्यागरायनगर वसविण्यात आले. शहर वाढत होते, घरे हवी होती. गरज काही खोटी नव्हती. तळ्याची खूण 'टँक बंड रोड', 'लेक व्ह्यू रोड' अशा रस्त्यांच्या नावांपुरती उरली.

गेडिस 1932 मध्ये वारले. त्यांचे हिंदुस्थानी अहवाल कचेऱ्यांत धूळ खात पडले असते. परंतु जॅकलिन टिरविट या नगररचनाकार बाईंनी त्यांतील निवडक भाग 1947 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. 1954 साली संयुक्त राष्ट्रांचा घरबांधणीविषयक परिसंवाद दिल्लीस भरला, त्याची सूत्रेही याच बाईंकडे होती. 1976 मध्ये व्हँकुव्हर येथे मानवी वसाहतींवर जागतिक परिषद झाली, आणि शहरांचा प्रश्न राष्ट्राराष्ट्रांच्या वाटाघाटींत आला.

2015 च्या डिसेंबरात पॅरिसला हवामान कराराची कलमे ठरत होती. त्या परिषदेने 3 डिसेंबर हा दिवस खास इमारतींच्या प्रश्नासाठी राखून ठेवला होता. त्याच दिवशी चेन्नईतील वस्त्यावस्त्यांत पाणी साचलेले होते, अड्यार नदी सैदापेठेत शिरली होती, आणि माणसे गच्च्यांवर बसून नावांची वाट पाहत होती.