तेराशे रुपये आणि ‘इथला’ माणूस

आज जरा हिशोबाची गोष्ट. बँकेत आयुष्य गेलं, सवय सुटत नाही.

आमचे मोठे काका १९५२च्या सुमारास इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात शिकत होते. तिथे बाहेरून आलेल्या मुलांना फीशिवाय दरवर्षी १३०० ते १५०० रुपये कॅपिटेशन फी पडायची. मध्य भारतातल्या रहिवाशांना ती माफ. आजोबा साधे कारकून, त्यांचा वर्षाचा पगारही तेवढा नव्हता. आम्ही ‘इथले’ ठरलो म्हणून काका डॉक्टर झाले.

दिल्लीचे एक विद्यार्थी, डी. पी. जोशी, याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. २७ जानेवारी १९५५ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला आणि जोशी हरले. कोर्ट म्हणालं, राज्यघटनेने जन्मस्थानावरून भेदभावाला मनाई केली आहे. रहिवास ही वेगळी गोष्ट. काका म्हणायचे, “बरोबरच आहे की! पैसा इथल्या लोकांचा, डॉक्टर इथल्यांना मिळायला हवेत.” आम्ही माना डोलवायचो.

पुढे १९८४ साली प्रदीप जैन खटल्याचा निकाल आला. एमबीबीएसला रहिवाशांसाठी काही जागा ठेवा, पण एमडी-एमएसला रहिवासाची अट नको, असं कोर्टाने सांगितलं. मात्र आपल्या कॉलेजच्या मुलांना काही प्रमाणात प्राधान्य द्यायची मुभा ठेवली. १९८६पासून एमबीबीएसच्या १५ आणि एमडी-एमएसच्या २५ टक्के जागा अखिल भारतीय परीक्षेतून भरायचं ठरलं.

त्या १५ टक्क्यांतून माझी पुतणी महाराष्ट्रात एमबीबीएसला गेली. नंतर तिला एमडीसाठी घरी परत यायचं होतं, माझे भाऊ आजारी होते. फॉर्म परत आला. कारण काय, तर एमबीबीएस बाहेरचं! पोर रडत म्हणाली, “काका, तिकडे मी एमपीची, इकडे मी महाराष्ट्राची. मग मी कुठली?” शेवटी अखिल भारतीय कोट्यातून गुजरातेत जागा मिळाली. ती पोहोचायच्या आत भाऊ गेले.

तेव्हा मला १९५५चे ते जोशी पहिल्यांदा कळले. दार तेच होतं, आम्ही फक्त आतून बाहेर आलो होतो.

२०२१ साली अखिल भारतीय कोट्यात ओबीसींना २७ आणि आर्थिक दुर्बलांना १० टक्के जागा दिल्या, तेव्हा आमच्या कौटुंबिक ग्रुपवर भरपूर आरडाओरडा झाला. २०२२च्या जानेवारीत कोर्टाने ओबीसींचा कोटा कायम केला आणि सांगितलं की परीक्षेतले गुण म्हणजेच सगळी गुणवत्ता नव्हे. मीही आधी चिडलो होतो. मग काकांची माफ झालेली फी आठवली. काका हुशार होतेच, पण नुसत्या हुशारीवर ते डॉक्टर झाले नव्हते. ती जमेची बाजू आम्ही कधी खात्यात लिहिलीच नाही.

२९ जानेवारी २०२५ला तन्वी बहल खटल्यात कोर्टाने पुन्हा बजावलं, पीजीला रहिवासावर आरक्षण नाही. पुतणीला फोन केला. ती हसली, “काका, तीस वर्षं उशीर झाला.”

माझं मत विचाराल तर, ज्याला खरंच मागून धावावं लागलं त्याला हात द्यावा. नुसता पत्ता बघून नको.

बडोदा, बेळगाव, ग्वाल्हेरच्या मंडळींनो, तुमच्या घरी असं कुणी ‘ना इथलं ना तिथलं’ झालंय का? जरूर लिहा.