शेवयांचा वैशाख

जळगाव-धुळ्याच्या घरांतून अलीकडे सायंकाळच्या घाईत पाकिटातला पास्ता उकळून, त्यावर दूध-साय घालून मुलांपुढे ठेवण्याचा प्रघात पडला आहे. परंतु गव्हाचा वाळवलेला जिन्नस आधणात सोडावा, निथळावा आणि दुधात कालवून पान वाढावे, ही रीत खानदेशाला मुळीच नवी नाही, कारण शेवयांच्या रूपाने ती येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे.

तिचा शोध जमिनीपासूनच घ्यावा लागतो. तापीकाठच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या मातीत रब्बीचा गहू पिके. आणि धुळ्याकडे पांझरेच्या बंधाऱ्यांखाली, जिथे शेकडो वर्षे फडपद्धतीने पाणी वाटले गेले, तिथे एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सर्वांनी एकच पीक घ्यावे आणि हवालदार व पाटकऱ्यांनी प्रत्येकाचा पाण्याचा हक्क सांभाळावा, असा शिरस्ता होता. शेवयांना मानवतो तो बन्सी गहू. त्याचा दाणा कठीण, पीठ चिवट, म्हणून तार उकळत्या पाण्यातही मोडत नाही. इटलीतला सुका पास्ताही ह्याच जातीच्या गव्हाचा. 1154 साली अल्‌-इद्रीसी ह्या भूगोलवेत्त्याने सिसिलीतील त्राबिया गावी असल्याच वाळवलेल्या पदार्थाचा मोठा व्यापार नोंदवला आहे. तिकडे जो पदार्थ जहाजांत भरला गेला, तो आपल्याकडे माळ्यावरच्या डब्यात राहिला.

त्या डब्यामागचे श्रम मात्र फार मोठे. उन्हे तापू लागली की गहू ओलवून, फडक्यात रात्रभर बांधून, दळून, चाळून रवा आणि सपीट वेगळे करायचे. मिठाच्या पाण्यात घट्ट मळून, तेलाच्या हाताने कुटून तो गोळा मुरवायचा. आणि मग कलत्या पाटावर तळहाताने घासत सुताइतकी बारीक तार काढायची, जी दुसरीने अलगद झेलून काठीवर वाळत घालावी. बाजेला आवळलेले पितळी यंत्र आले तेव्हा तळहात सुटले, तरी एकीने दांडा फिरवावा, दुसरीने गोळे घालावेत, तिसरीने तार धरावी, ह्या रीतीने आळीतल्या बायका आज हिच्या, उद्या तिच्या अंगणात जमतच राहिल्या. पुढे गिरणीशेजारी विजेची यंत्रे बसली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येऊन झोक्यांवर बसत, तेव्हा नव्या शेवया डब्यात पडलेल्या असत. अवेळी पाहुणा आला तरी दूध, गूळ आणि तूप घालून घटकाभरात ताट सजे. ईदेच्या सकाळी मुसलमान घरांतून हीच तार दूध-खारकांत शिजून शीरखुर्मा होई, आणि त्याचे वाडगे शेजारी जात. घटकाभरात ताट सजवण्याची ती त्वरा वैशाखातल्या बायकांच्या कष्टांतून आलेली होती, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते.

कागदोपत्री नोंद राहिली ती वेगळ्याच गोष्टींची. 1818 नंतर इंग्रज अधिकारी ब्रिग्जने धुळ्यास ठाणे केले, 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग झाले. धारा, वसुली, मोजणी ह्यांचे रुमालच्या रुमाल भरले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी कागदांसाठी गावोगाव पायपीट केली आणि 1926 च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवला. पाटावरच्या शेवयांचे दप्तर मात्र कोणी बांधले नाही. ज्यांच्या घरी तो पाट चालवलेली आजी आज हयात असेल, त्यांनी ह्या उन्हाळ्यात तिच्याजवळ बसावे आणि ती सांगेल ते, तिच्याच अहिराणी शब्दांत, उतरवून घ्यावे.