घरचे वाय-फाय वाटसरूंना खुले करताना

घरातील ब्रॉडबँड जोडणी दिवसाचा बराच काळ रिकामी पडून असते. ही शिल्लक क्षमता परक्यांना वापरू द्यावी आणि त्या बदल्यात आपल्याला अन्यत्र विनाशुल्क इंटरनेट मिळावे, या कल्पनेवर मार्टिन व्हार्साव्हस्की यांनी २००५ मध्ये स्पेनमध्ये 'फॉन' ही कंपनी स्थापन केली. २००७ मध्ये ब्रिटनच्या 'बीटी'ने तिच्याशी करार केला. अमेरिकेतील 'कॉमकास्ट' कंपनीने २०१३ पासून ग्राहकांच्या घरातील राउटरमधूनच दुसरा, सार्वजनिक सिग्नल सोडण्यास सुरुवात केली. तो बंद करण्याची सोय होती. मात्र आपली परवानगी घेतली नाही आणि विजेचा भारही आपल्यावरच पडतो, अशी तक्रार करीत २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात दावा दाखल झाला.

विजेचा खर्च तसा किरकोळच. खरी अडचण हवेतील जागेची आहे. दोन सिग्नलची नावे वेगळी असली तरी दोन्ही एकाच रेडिओवरून जातात आणि एका चॅनेलवर एका वेळी एकाच उपकरणाला बोलता येते. त्यातही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच. रस्त्यावर उभ्या असलेल्या पाहुण्याचा सिग्नल क्षीण असतो. त्याचे उपकरण संथ गतीने बोलते आणि तेवढ्याच माहितीसाठी कितीतरी अधिक वेळ चॅनेल अडवून ठेवते. पाहुण्यास वेगमर्यादा घातली, तरी हा दोष पूर्णपणे जात नाही. घरातील उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर ठेवणे, हा त्यावरील व्यवहार्य उपाय.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. कंपनीच्या सार्वजनिक सिग्नलवर पाहुणा स्वतःच्या खात्याने प्रवेश करतो. त्यामुळे त्याची नोंद निराळी राहते. राउटरमधील 'गेस्ट नेटवर्क' मात्र घरातील संगणकांपासून पाहुण्याला दूर ठेवते एवढेच. बाहेरच्या जगाला पत्ता दिसतो तो घरमालकाचाच. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१० मध्ये वाय-फाय पुरेसे सुरक्षित न ठेवणाऱ्या घरमालकाला गैरवापराबद्दल नोटिशीचा खर्च सोसावा लागेल, असा निर्णय दिला होता. २०१७ मधील कायदादुरुस्तीनंतर तेथील हे ओझे बरेच हलके झाले.

महाराष्ट्राला हा धडा त्याआधीच मिळाला होता. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमधील स्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरातील असुरक्षित वाय-फायपर्यंत पोहोचला. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना ग्राहकांची वाय-फाय जोडणी सुरक्षित करण्याचे आदेश दिले. पाहुण्यांसाठी सिग्नल ठेवायचाच असेल, तर त्याला स्वतंत्र पासवर्ड द्यावा आणि तो अधूनमधून बदलावा.