मोटेच्या चाकाचा कणा

नाशिक जिल्ह्याच्या पाण्याचा इतिहास लिहिताना आपण बहुधा धरणांपासून आरंभ करतो. बागलाणात मोसम व आरम या नद्यांना बंधारे घालून पाणी वाटून घेणाऱ्या फड-पद्धतीचाही अभ्यासक आवर्जून उल्लेख करतात. परंतु निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांतील विहिरींवर पिढ्यान्पिढ्या चाललेल्या मोटेच्या चाकाकडे इतिहासाचे लक्ष क्वचितच गेले आहे.

चामड्याची मोट, तिला बांधलेला जाड नाडा, सोंडेचा बारीक सोंदूर, पाणी ओतले जाते ते थारोळे आणि बैलांच्या उताराची धाव, ही या यंत्राची अंगे. विहिरीच्या काठावर दोन खांबांमध्ये चाक बसविलेले असे व नाडा त्यावरून जाई. मोट पाण्यासह १०० किलोची आहे व नाडा चाकावर काटकोनात वळतो, असे समजू. मोट खाली ओढते, बैल पुढे ओढतात. कण्याला दोन्ही ओढी एकदम सोसाव्या लागतात. म्हणून त्यावरील भार १०० किलोचा न राहता सुमारे १४० किलोचा होतो.

घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, हा नियम फ्रान्समध्ये आमोंताँ यांनी १६९९ साली मांडला. गावच्या सुताराला हा नियम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. उपाय मात्र ठाऊक होता. चाक मोठे आणि कणा बारीक ठेवावा, म्हणजे ओढ हलकी होते. कणा फार बारीक केला तर तो वाकतो. म्हणून लोहाराचा सल्ला घ्यावा, आणि वंगण कधी चुकवू नये. वंगण आटले की चाक कुरकुरू लागे, आणि त्या कुरकुरीचे मोल बैलांच्या खांद्यांना द्यावे लागे.

याहून बिकट प्रश्न चाक अडकण्याचा होता. गोदाकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. एक खांब जरासा खचला की कणा तिरपा होई, नाडा एका कडेला सरके आणि चाक खांबाला घासू लागे. अशा वेळी कितीही तेल घातले तरी उपयोग नसे. खांबाखाली पाचर मारून कणा पुन्हा समपातळीत आणावा लागे.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे एका कापड गिरणीतही हेच घडत होते. चिकणमातीची जमीन खचे, लांबलचक दंड वाकडे होत व बेअरिंगे निकामी होत. त्या गिरणीतील अभियंते स्वेन विंगक्विस्ट यांनी १९०७ साली दंडाबरोबर स्वतः कलणारे बॉल बेअरिंग तयार केले. सागरी मासेमारीच्या तरफेच्या रिळातही प्रश्न याच जातीचा. तरफ सरकवली की रोधाची चकती आडवी दाबली जाते. तो दाब उभ्या भारासाठी घडविलेल्या बेअरिंगवर पडला की ते आवळते आणि रीळ जड फिरते. आडवा दाब स्वतंत्र बेअरिंगवर घेणे, हा त्यावरचा एक उपाय.

विंगक्विस्ट यांचे नाव जगाने जपले. आपल्याकडे चाक घडविणारा सुतार, कणा ठोकणारा लोहार व मोट शिवणारा चांभार यांना सुगीच्या वेळी बलुत्याचे धान्य मिळे. नाव कुठेच नोंदले जात नसे. ज्याच्या हातची मोट शिवाराला पाणी पाजी, त्या चांभाराला गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता. मोटेची आठवण काढताना ही बाजू वगळली, तर तो इतिहास अर्धाच राहील.

पुढे तेलाची इंजिने व वीजपंप आले आणि मोटा थांबल्या. ओझर-पिंपळगावच्या द्राक्षबागांना आता पंपाचे पाणी मिळते. परंतु मोटर व पंप एका रेषेत नसतील, तर बेअरिंग आजही लवकर जाते. कारागीर पट्टी लावून ती रेष तपासतो, लागेल तेथे पातळ पत्रा सरकवतो. पाचर मारणाऱ्या त्या जुन्या सुताराचेच हे काम आहे.