माळवद: गारवा देणारं, जीव घेणारं

येडशी म्हटलं की रामलिंगचं देऊळ आठवतं, अभयारण्य आठवतं. आज मात्र मी बोलणार आहे या भागातल्या जुन्या वाड्यांबद्दल. खरं तर त्यांच्या छपराबद्दल.

धाराशिव-लातूर पट्ट्यातला वाडा डोळ्यांसमोर आणा. मोठा दरवाजा, आत ढेळज, मग चौक, भोवती ओसरी. घर किती मोठं, ते खणांत सांगायचं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. दगडी भिंती दोन-अडीच फूट जाड, चिखलात रचलेल्या. आणि वर माळवद: तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर मातीचा थर.

ही जाड माती सावकाश तापते, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारीही आत गारवा. वर पापड-मिरच्या वाळवायच्या, रात्री तिथंच झोपायचं. गळायला लागलं की पावसाळ्याआधी नवी माती टाकायची. जुनी मात्र कुणी काढायचं नाही. हिशोब करा: दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे जवळपास सात टन वजन!

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर अशी गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. सुमारे आठ हजार माणसं गेली.

तेव्हापासून ‘माळवदानं माणसं मारली’ असं सगळे म्हणतात. पण पडझड नीट पाहिली तर वेगळं दिसतं. भिंतीचे आतले-बाहेरचे दगड आरपार दगडानं एकमेकांना बांधलेले नव्हते. धक्का बसताच भिंत मधून फाटली आणि तिच्यावर टेकलेलं छप्पर खाली आलं. जिथं माळवद लाकडी खांबांवर पेललेलं होतं, तिथं बऱ्याच ठिकाणी भिंती पडल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणजे आपल्याच सुतारांना उत्तर ठाऊक होतं!

भीतीपोटी अनेकांनी माळवद सोडून पत्रे घातले. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून बघा, काय गमावलं ते कळेल.

तुमच्या गावी असा वाडा असेल, तर पाडायच्या आधी तीन गोष्टी बघा. छप्पर खांबांवर आहे की भिंतीवर? माती किती साचलीय? भिंत कुठं फुगलीय का? मग जाणकार इंजिनिअरला दाखवा. जादा माती उतरवून, भिंतीत आरपार दगड बसवून असं घर मजबूत करता येतं.

भेटू पुढच्या भागात!