गरज क्र. १ आणि गरज क्र. २१

आपल्या धंद्यात 'डिझाइन पॅटर्न' हा शब्द इंटरव्ह्यूपुरता का होईना, सगळ्यांनी पाठ केलेला असतो. सिंगलटन, फॅक्टरी, ऑब्झर्व्हर वगैरे. १९९४ च्या त्या प्रसिद्ध चौघांच्या पुस्तकातून ते आपल्यापर्यंत आले, आणि मूळ कल्पना क्रिस्टोफर अलेक्झांडर नावाच्या आर्किटेक्टची, हेही बर्‍याच जणांना ठाऊक असतं. पण पॅटर्नच्या कितीतरी आधी याच माणसाने कॉम्प्युटर वापरून एका भारतीय खेड्याची रचना करून पाहिली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. हल्ली पॅरामेट्रिक आणि डेटावर चालणार्‍या शहररचनेचा बराच गाजावाजा असतो (स्लायडर सरकवला की रस्ते रुंद, इमारती उंच!). तर ही त्याच्या पणजोबांची गोष्ट.

अलेक्झांडर १९३६ साली व्हिएन्नात जन्मला, इंग्लंडमध्ये वाढला, केंब्रिजला गणित आणि आर्किटेक्चर शिकला आणि पीएच.डी.साठी हार्वर्डला गेला. तो प्रबंधच १९६४ साली 'नोट्स ऑन द सिन्थेसिस ऑफ फॉर्म' या नावाने पुस्तकरूपात आला. त्याच्या परिशिष्टात सोडवून दाखवलेलं उदाहरण आहे सहाशे वस्तीच्या एका शेतकरी खेड्याचं. त्यासाठी तो गुजरातेत एका गावात काही काळ राहिला होता.

त्याचं म्हणणं असं, की आर्किटेक्ट मंडळी डोक्यात आलेला आकार आधी काढतात आणि कारणं मागाहून चिकटवतात. त्यापेक्षा गावात काय काय जुळायला हवं, कुठे कुठे बिनसू शकतं, त्याची आधी यादी करा. ही यादी झाली १४१ गरजांची. काही गावकर्‍यांना स्वतःला जाणवणार्‍या, काही देशाच्या विकासाच्या धोरणातून आलेल्या, तर काही कुणी बोलून दाखवत नाही पण गाव आपसूक भागवतंच आहे अशा.

ही यादी वाचताना मला आमच्याकडच्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटची फार आठवण झाली. सगळं एका ओळीत, एका वजनाचं. घराचं दार दक्षिणेला नको. लग्नं थाटात व्हायला हवीत. बायका पाणी भरायला, अंघोळीला जाता-येता गप्पा मारतात. जमिनीची मुलांमध्ये वाटणी होणार. एका जातीचे लोक एकत्र आणि इतरांपासून वेगळे राहू इच्छितात, एकमेकांकडे खात-पीत नाहीत. हे शेवटचं आहे नवव्या क्रमांकावर.

आणि पहिला क्रमांक? हरिजनांना अस्पृश्य, अपवित्र मानलं जातं, हा. मग आणखी खाली या. क्रमांक २१: अस्पृश्यतेचं निर्मूलन.

राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता १९५० सालीच रद्द केली होती, १९५५ च्या कायद्याने ती पाळणं गुन्हा ठरवलं होतं. तरी दोन्ही ओळी एकाच यादीत, सारख्याच मानाने बसल्या आहेत. अलेक्झांडरला अस्पृश्यता हवी होती असं मी अजिबात म्हणत नाही. उलट त्याने जे दिसलं ते प्रामाणिकपणे टिपलं. माझा प्रश्न पुढचा आहे.

पुढची पायरी होती जोड्या तपासण्याची. १४१ गरजांच्या जोड्या होतात ९,८७०. एक गरज भागवली तर दुसरीला मदत होते किंवा अडचण येते का? होत असेल तर दोघींत दुवा. मदत की अडचण, हा फरक गट पाडताना मोजायचाच नाही. हे दुवे दिले कॉम्प्युटरला. प्रोग्रॅमचं काम एवढंच, की आत भरपूर दुवे आणि बाहेर कमीत कमी, असे गट पाडायचे. (आपण ज्याला लो कपलिंग म्हणतो, तेच.) निकाल आला चार मोठे गट, त्यांत मिळून बारा छोटे: गुरं-गाड्या-सरपण एकीकडे, शेती आणि पाणी दुसरीकडे, गावाचं सामाईक जीवन तिसरीकडे, घरगुती आयुष्य चौथीकडे. मग प्रत्येक छोट्या गटासाठी एक आकृती, आणि आकृत्या जोडत जोडत अख्खं गाव.

आता या यंत्राला १ आणि २१ मध्ये दुवा आहे का, एवढंच कळू शकतं. पहिली गरज मोडीत काढण्यासाठीच एकविसावी आहे, हे त्याला सांगायला जागाच नाही. वस्ती कुठे आणि विहीर किती, हे ठरवताना कुणाची बाजू घ्यायची, ते शेवटी आकृती काढणार्‍या हातावरच आलं. म्हणजे ज्या अंदाजपंचे कारभारातून सुटण्यासाठी एवढा खटाटोप केला, तो मोक्याच्या जागी तसाच उरला.

गंमत म्हणजे या पद्धतीला सर्वात आधी सुरुंग लावला तो अलेक्झांडरनेच. १९६५ साली त्याचा 'अ सिटी इज नॉट अ ट्री' हा निबंध आला. ट्री म्हणजे आपला डेटा स्ट्रक्चरवाला ट्री. प्रत्येक गोष्ट एकाच फांदीवर, दोन फांद्यांना सामाईक काही नाही. नियोजनकार शहरं अशीच आखतात, असं सांगताना त्याने चंदीगडचंही नाव घेतलं. जिवंत शहरात मात्र गट एकमेकांवर चढलेले असतात. त्याचं उदाहरण बर्कलीतल्या एका कोपर्‍याचं आहे: औषधांचं दुकान, दारात वर्तमानपत्रांचा रॅक, समोर सिग्नल. सिग्नलला थांबलेला माणूस पेपर चाळतो. म्हणजे फूटपाथ सिग्नलचाही आणि दुकानाचाही.

हा निबंध वाचल्यावर मला वाटलं, की ट्रीचा सर्वात चोख नमुना आपल्याकडे होताच की! जातवार आळ्या, वेगवेगळे पाणवठे, वेगवेगळी स्मशानं, आणि एक वस्ती थेट गावकुसाबाहेर. एकही सामाईक बिंदू नाही, आणि राहू नये म्हणून पहारा. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले ठराव केला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं, तरी कागदावरचा हा दुवा पाण्यापर्यंत पोचला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तिथे जाऊन पाणी प्यायलं. कोर्टकज्जे संपून उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

इकडे अलेक्झांडरने १९७१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत 'डिझाइन मेथड' नावाच्या शास्त्राशी आपला संबंध नाही असं स्पष्ट लिहिलं. आकृत्या मात्र त्याने सोडल्या नाहीत. त्याच वाढत वाढत १९७७ साली २५३ पॅटर्नचं पुस्तक झाल्या. आता इनपुट म्हणून १४१ ओळी हाताने लिहाव्या लागत नाहीत. जागेचे भाव, मोबाइलच्या हालचाली, भाड्याचे आकडे आयते मिळतात. कुणाला कुठे घर नाकारलं गेलं, हे त्या आकड्यांत मुरलेलं असतंच. फक्त त्यावर 'क्र. १' असं लिहिलेलं नसतं. अलेक्झांडरच्या यादीत निदान ते वाचता तरी येत होतं.