जुना फ्रिज बदलला की वीज खरंच वाचते का? मेक्सिकोतली वीजबिलं काय सांगतात?

मेक्सिको सरकारने २००९ मध्ये एक योजना सुरू केली. घरातला किमान १० वर्षं जुना फ्रिज किंवा एसी जमा करा आणि कमी वीज खाणारा नवा अनुदानावर घ्या! जुनं यंत्र थेट भंगारात जायचं, म्हणजे ते दुसऱ्या घरात पुन्हा सुरू होणार नाही. सुमारे १९ लाख कुटुंबांनी यंत्रं बदलली. यातून भरपूर वीज वाचेल, असा अंदाज आधीच बांधलेला होता.

तपासलं कसं?

लुकस डेव्हिस, अ‍ॅलन फुक्स आणि पॉल गर्टलर या अर्थतज्ज्ञांनी थेट घरगुती वीजबिलांच्या नोंदी घेतल्या. पण नुसतं आधीचं आणि नंतरचं बिल पाहून भागत नाही. मधल्या काळात उन्हाळा कडक असू शकतो, दर बदलू शकतात. म्हणून त्यांनी यंत्र न बदललेल्या घरांशीही तुलना केली. समजा, यंत्र बदललेल्या घरांचा वापर १० युनिटने घटला आणि न बदललेल्यांचाही ४ युनिटने घटला, तर योजनेमुळे वाचले फक्त ६ युनिट.

निष्कर्ष काय निघाला?

हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

• फ्रिज बदललेल्या घरांचा वीजवापर सरासरी ८ टक्क्यांनी घटला. ही बचत अंदाजाच्या जेमतेम पाव होती.
• एसी बदललेल्या घरांचा वीजवापर चक्क वाढला!
• एक टन कार्बन डायऑक्साइड कमी करायला ५०० डॉलरहून जास्त खर्च आला.

असं का झालं?

नवा एसी तासाला कमी वीज खातो, म्हणून तो जास्त वेळ चालवणं परवडतं. नवे फ्रिज आकाराने मोठे आणि जास्त सोयींचे असतात, त्यात बचतीचा काही भाग जातो. अर्थशास्त्रात जास्त वापराच्या या परिणामाला ‘रिबाउंड इफेक्ट’ म्हणतात.

मग योजना वाया गेली का?

पूर्णपणे नाही. कडक उन्हाळ्यात घर थंड राहणं हाही लोकांचा फायदाच आहे. पण पैसा वीज वाचवण्याच्या नावाने खर्च होत असेल, तर हिशोबही वाचलेल्या युनिटचाच हवा. यंत्रावरचं लेबल ते किती वीज खाईल हे सांगतं. आपण ते किती वापरणार, हे मात्र मीटरलाच कळतं.